वाटी सरकली नव्हती

दिवाळी उरकली की आमच्या गावाचा आवाज उतरतो. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत मुकादमांच्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि चार-आठ दिवसांत पाथर्डी तालुक्यातल्या या कोरड्या पट्ट्यातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि रानात गुडघ्याला लागलेली ज्वारी. सकाळी इतकं शांत असतं की शाळेच्या मैदानावरचा आवाज थेट माझ्या ओट्यावर येतो. आधी शिट्टी. मग पोरींच्या पायांची धपधप. मग तो एक कोवळा, तीक्ष्ण शब्द, "खो!"

त्या मैदानावर मी एकतीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. लोक विचारतात, सर, मैदानावर का येत नाही? मी म्हणतो, थंडी सोसत नाही. थंडी मला चांगली सोसते. सोसत नाही तो एक हिवाळा, बारा वर्षांपूर्वीचा. त्याबद्दल मी आजवर जे सांगत आलो ते खोटं होतं. खरं काय ते यंदा एका बाईला तोंडाने सांगितलं. आता लिहूनही ठेवतो.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं आमच्याकडे मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठ धरली, की सकाळी सकाळी पायाळूच्या दारी जायचं, पालथं पडायचं आणि त्याने दुखऱ्या जागी पाय लावायचा. सलग तीन सकाळी. माझ्या ओट्यावर रोज एक-दोघं तरी वाकलेली बसलेली असत. आमचं घर ख्रिस्ती. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि त्यांना हे अजिबात पटत नसे. "आपल्यात पाय धुतात, लावत नाहीत," ते म्हणायचे. पण दुखणाऱ्याला जात-धर्म आठवत नाही, कंबर आठवते. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. वाकून आलेला माणूस सरळ उभा राहून "गेलं बघा सर!" म्हणाला की माझा दिवस चांगला जायचा. उसण बहुतेकदा तीन दिवसांत आपली आपणच जाते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पाय लावत होतो.

सोनाली तेव्हा नववीत होती. तिचे आईवडील, सिंधूबाई आणि अंकुश, दर साल कोल्हापूरकडे उसाच्या फडावर जायचे. आधीची दोन वर्षं त्यांनी पोरीला बरोबर नेलं होतं आणि दोन्ही वर्षं तिची शाळा निम्मी बुडाली होती. त्या वर्षी मीच अंकुशला म्हणालो, हिला आमच्याकडे ठेव. आमची मुलं शिकून बाहेर पडली होती, घरात मी आणि माझी बायको शालिनी दोघंच. गाडीत चढताना अंकुश म्हणाला, "सर, तुमच्या भरवशावर ठिवतो." सिंधूबाईने पोरीच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधली, घट्ट.

सरळ वेगात पळणाऱ्या पोरी मी पुष्कळ पाहिल्या. सोनालीची गंमत खांबाजवळ होती. एका हाताने खांब धरून ती अशी गर्रकन वळायची की पाठीमागची पोरगी अजून जुन्याच दिशेने धावत असायची. मी बघत राहायचो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादं पोर असं हाताला लागतं, आणि मग शिक्षकाला आपल्या हाताचाच गर्व व्हायला लागतो.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती अशीच वळली. अंग वळलं, पाऊल मातीत रोवलेलंच राहिलं. ती खाली बसली आणि उठेना.

"सर, अडाकला."

"काय अडकलं?"

"गुडगा. सरळच होईना."

गुडघ्याचं काहीही दुखलं तरी आमच्या गावात त्याला एकच शब्द आहे, वाटी सरकली. म्हातारीचा गुडघा सुजो की पोराचा खरचटो, वाटी सरकली. मीही तेच म्हणालो. "वाटी सरकलीय. घाबरू नको." तिला मातीत उताणं झोपवलं, दोघींना खांदे धरायला लावले, चप्पल काढली, घोटा हातात धरला आणि पाय तिच्या गुडघ्यावर ठेवून ओढलं. आत खट्‌ झालं. पाय सरळ झाला.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. "सरांच्या पायात करंट हाय!" एक जण ओरडली. सोनालीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. त्या रात्री जेवताना मी ही हकिगत शालिनीला दोनदा सांगितली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा मी पाय लावला, पुन्हा खट्‌. या वेळी गुडघा सुजला. शालिनी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसली. "नगरला नेऊन दाखवा एकदा," ती म्हणाली.

"डॉक्टर काय करणार? पट्टी बांधून महिनाभर बसवून ठेवेल. जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेत."

"सामने तुमचे का तिचे?"

मी पेपर उघडला.

सामन्यांच्या दिवशी सकाळी नगरच्या मैदानामागे, पत्र्याच्या शेडच्या आडोशाला मी तिसऱ्यांदा पाय लावला. उठून ती दोन पावलं चालली आणि म्हणाली, "सर, आज मी भाईर ऱ्हाऊ का?" एवढंच. रडणं नाही, हट्ट नाही. मी म्हणालो, "तूच बाहेर राहिलीस तर टीम कसली?" बाकी सगळं मी अज्ञानात केलं असं कुणी म्हणेल. हे वाक्य मी अज्ञानात बोललो नाही.

दुसऱ्या डावात खांबाजवळ ती पडली. मी धावत गेलो, बूट काढायला लागलो. ती माझा हात धरून म्हणाली, "सर, नगं. पाय नगा लावू." इतक्या वर्षांत मला नको म्हणणारी ती पहिली. मी लावला. गुडघा उघडला नाही. तिची किंकाळी ऐकून शेजारच्या मैदानावरचा खेळसुद्धा थांबला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यासारखा. त्याने पाय हलक्या हाताने उशीवर ठेवला आणि विचारलं, "आधी कधी असा अडकला होता? कुणी ओढला, चोळला?"

मी म्हणालो, "नाही. आजच."

त्याने सोनालीकडे पाहिलं. सोनालीने माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

गुडघ्याचा एमआरआय निघाला तोवर निरोप मिळून अंकुश आला होता. रात्रभर बस बदलत आलेला, केसांत उसाचं पाचट अडकलेलं. डॉक्टरने आम्हा दोघांना समोर बसवलं. मी शहाणपणाने विचारलं, "वाटी सरकलीय ना?"

"वाटी जागेवरच आहे सर. वाटीचा काही संबंध नाही."

मग त्याने दोन मुठी एकीवर एक ठेवून समजावलं. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. मध्ये दोन गाद्या, चंद्रकोरीसारख्या. त्यांतली एक लांबीत फाटली होती आणि फाटलेली आतली कड, बादलीची कडी पलटावी तशी, पलटून सांध्याच्या मध्ये आली होती. "ही मध्ये आली की पाय अडकतो," तो म्हणाला. "ओढाताण केली तर कधी कधी मागे जाते, खट्‌कन पाय सुटतो. माणसाला वाटतं, बरं झालं. पण दर वेळी फाट वाढत जाते." तो मला टोचत नव्हता. त्याला काही माहीतच नव्हतं. "गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथे टाका घातला की जुळून येतं. आतल्या बाजूला रक्त नाही, तिथे कितीही सुबक शिवा, धरत नाही. आणि ही फाट काल-परवाची नाही. महिना तरी झालाय. तेव्हाच आणली असती तर बहुतेक सगळी शिवता आली असती."

अंकुशने माझ्याकडे वळून पाहिलं. "सर?"

त्याच्या नजरेत संशय नव्हता. असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. शाळेमागच्या बोरी तेव्हा लगडल्या होत्या, पोरं मधल्या सुट्टीत त्यांच्यावर चढलेली असायची. "बोरीवरून पडली होती म्हणे," मी म्हणालो. "आम्हाला सांगितलंच नाही."

अंकुशने कपाळावर हात मारला. "बोरं! बोरांपायी!"

ऑपरेशनला दीड-दोन तास लागले. गुडघ्याला फक्त दोन बारीक भोकं पाडली होती, एकातून दुर्बीण आणि एकातून सुई. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाला, "जेवढी शिवता आली तेवढी शिवली. आतल्या कडेच्या चिंध्या झाल्या होत्या, ती काढून टाकावी लागली." चिंध्या हा शब्द त्याने सहज वापरला.

अंकुशला मुकादमाने दोनच दिवस दिले होते. जाताना त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी मी सोनालीच्या खाटेजवळ बसून म्हणालो, "मी तुझ्या वडलांना फोन करतो. खरं ते सांगतो."

तिने मान हलवली. "नगा सांगू सर. आय म्हनंल, सरांकडं बी पोरगी नीट न्हाई ऱ्हायली, अन् मला फडावर न्हील. मंग शाळा बी न्हाई अन् काई बी न्हाई."

ती खरोखर घाबरली होती. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चौदा वर्षांच्या पोरीच्या भीतीआड मी अख्खा माणूस लपलो, ते बारा वर्षं.

आता पुढचं मला कसं लिहावं कळत नाही, कारण तेच दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवसही होते.

सहा आठवडे तिला पाऊल टेकवायचं नव्हतं. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा लांब ब्रेस. मांडी घालायची नाही, उकिडवं तर कित्येक महिने बसायचं नाही. आमच्या घरात तेव्हा साधा संडास. मी प्लास्टिकच्या खुर्चीला तापलेल्या सुरीने भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. शालिनीने जुन्या साडीचा पडदा शिवला. पहिले दोन दिवस पोरगी लाजेने पाणीच पीत नव्हती. शालिनी तांब्या घेऊन समोर बसली. "पी गं. सरांनी सिंहासन केलंय तुझ्यासाठी, त्यावर बसायचं सोडून उपास कसले करतेस?" सोनालीने पांघरुणात तोंड लपवलं. पांघरूण हसायला लागलं.

ओट्यावर ऊन आलं की व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि पाय न उचलता ती खाली दाबायची. दाबून धरायचं, दहा आकडे. मी मोजायचो. आयुष्यभर मी पोरींना पळवण्यासाठी आकडे मोजले. त्या हिवाळ्यात एक पोरगी जागच्या जागी, मांडीतला एक स्नायू आवळत होती आणि मी तितक्याच जोराने "सात... आठ..." म्हणत होतो.

"सर, तुमी नऊ लई लांबवता."

"तुला वाटतं तसं."

"काकू, तुमी मोजा. सर लबाडी करत्यात."

नाताळ आला. घरात करंज्या तळल्याचा वास, दारात कागदी चांदणी. आमची मंडळी पेटी-ढोलकी घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरतात, ती आमच्याकडे आली तेव्हा सोनाली खाटेवर उशांना टेकून बसली होती. मंडळी गेल्यावर सोनाली म्हणाली, "काकू, तुमचा देव गोठ्यात का झाला?"

"आईबाप प्रवासात होते. कुठे जागाच मिळाली नाही."

ती थोडा वेळ करंजी कुरतडत राहिली. "म्हंजी फडावरच की. माजा चुलतभाऊ बी असाच कोपीत झालेला. बैलांशेजारी." कोपी म्हणजे ऊसतोडवाल्यांची पाचटाची झोपडी. पन्नासेक नाताळ ती गोष्ट ऐकून मला जी कळली नव्हती, ती त्या दिवशी जरा कळली.

दर रविवारी सिंधूबाईचा फोन यायचा. आवाज नीट यावा म्हणून शालिनी स्पीकर लावायची. "काय गं सोने, खाल्ली का आज बोरं? आनखी चढ बोरीवर! हितं मी उसात मरतीया अन् हिला बोरं सुचत्यात." सोनाली म्हणायची, "न्हाई आय. न्हाई चढनार." मी तिथेच असायचो. टॉवेलची गुंडाळी सोडून पुन्हा नीट वळायचो.

टाके धरले. उन्हाळ्यात ती चालायला लागली, पुढच्या वर्षी हळू पळालीही. पण खो-खोच्या पाटीत उकिडवं बसायचं तिला कायमचं बंद झालं. शाळेच्या त्या वर्षीच्या अहवालात मी माझ्या अक्षरात लिहिलं की आमची गुणी खेळाडू घराजवळ झाडावरून पडल्याने जायबंदी झाली. ते वाक्य खोटं आहे. ती झाडावर चढलीच नव्हती. तिला बोरं फारशी आवडतही नाहीत.

तिच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तिचा मामा नवऱ्या मुलाला म्हणाला, "पावनं, हिला बोरीपासून लांब ठिवा." मांडव हसला. सोनालीही हसली. मी पानातलं संपवू शकलो नाही. आता ती सुप्याला एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनीवर काम करते. आठ तास उभ्याने. सणावाराला भेटते तेव्हा मी विचारतो, "गुडघा काय म्हणतो?" ती म्हणते, "मजेत हाय सर." तिने मला तेवढंच सांगायचं ठरवलेलं असतं आणि मी तेवढंच ऐकायचं.

त्या हिवाळ्यानंतर मी कुणालाही पाय लावला नाही. वय झालं, असं सांगत गेलो.

यंदा दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी ओट्यावर बसलो होतो. सिंधूबाई आली, कंबर धरून, अर्धी वाकलेली. आता तीही पन्नाशीची, हाताच्या पंजांना कोयत्याचे घट्टे. "सर, जरा पाय लावा वो. उद्या गाडी हाय. असं वाकून ऊस तोडायचा कसा?"

"मी सोडलं ते, सिंधूबाई."

"येकदाच. तुमी आमच्या पोरीला लेकीवानी बगितलं, मला न्हाई म्हनता?"

आणि ती पालथी पडायला लागली. माझ्याच ओट्यावर, माझ्याच पायांशी. मी म्हणालो, "उठा. आधी ऐका." आणि सांगितलं. मैदान, पत्र्याचं शेड, तिन्ही वेळा, चौथी वेळ. ती "आज मी भाईर ऱ्हाऊ का" म्हणाली ते. डॉक्टर काय म्हणाले ते. बोरीचं मी रचलं ते. आत शालिनीच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

सिंधूबाई भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मी तिला भरल्या मांडवात हसले वो सर. भावासंगं."

"माहीत आहे."

"बारा वरसं बोलतीया मी तिला. आन ती येका शब्दानं..." तिने पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. पदर खाली घेतला. "तुमी तिचं लई केलं. हागलं-मुतलं काढलं, शाळा शिकवली. ते बी खरं हाय. आन ह्ये बी खरं हाय. दोनी मी ध्येनात ठिवीन."

शालिनीने आणलेला चहा तिने घेतला. उठताना मी हात पुढे केला, तो घेतला नाही. भिंतीला धरून उठली आणि वाकलेलीच गेली. मी तिला सांगितलं, गाडीत बसायच्या आधी पाथर्डीत डॉक्टरला दाखव. तिने मागे न बघता हात हलवला, हो का नाही ते कळलं नाही.

आठ दिवसांनी दुपारी सोनालीचा फोन आला. कारखान्याची जेवणाची सुट्टी असावी, मागे डब्यांचा खडखडाट होता.

"आयला सांगितलंत?"

"हो."

"मला इचारायचं तरी सर. बारा वर्सं मी गिळून बसले, अन् तुमी येका सकाळी वकून मोकळे झालात."

"चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं."

तिने डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"काल तिचा फोन आल्ता फडावरनं. सरांनी समदं सांगितलं म्हनली. मला वाटलं, आता रडंल, न्हाईतर तुमाला शिव्या दील. तसलं काई न्हाई. कंबर बरी हाय म्हनली, थंडी लई हाय म्हनली, इकडचं तिकडचं. आन मंग म्हनली..." तिचा आवाज बारीक झाला. "म्हनली, सोने, पाय कसा हाय गं? सर, तिनं आजून येकदा बी इचारलं न्हवतं. माजाच दोष म्हनून इचारलंच न्हवतं कदी."

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगनार. सवय न्हाई ना. बरा हाय म्हनलं."

"आणि खरं?"

मागचे डबे वाजत राहिले. मग ती म्हणाली, "दुखतो सर. सकाळी काई वाटत न्हाई. दुपारनंतर आतल्या अंगाला ठनकाय लागतो. जिना उतरताना धरून उतरावं लागतं. पोराला उचलून घ्यायचं म्हनलं तर चांगल्या पायावर सगळा जोर टाकते..." ती सांगत गेली. कुठल्या हवेत जास्त दुखतो, कुठल्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं, नवरा कधी कधी तेल लावून देतो, पण ओढू देत नाही मी त्याला, असंही म्हणाली. तिचं संपल्यावर म्हणालो, "डॉक्टरला दाखवू. मी येतो बरोबर, आणि या वेळी जे झालं ते सगळं त्यांना सांगतो. पण आधी हे आईला सांग."

"आत्ता भाकरी खायला बसली आसंल ती."

"मग बरंच आहे."

"लावते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.